सुट्टी सरता सरता : थीम पार्कच्या सहलीचा बेत



मे महिना निम्म्यावर आला की आपल्या पारनेर तालुक्यात एकाच ओट्यावर दोन बोलणी चालू असतात. थोरली माणसं आभाळाकडं पाहून म्हणतात, "यंदा रोहिण्या बरसतील का?" आणि पोरं म्हणतात, "शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले, आम्हाला कुठं नेणार?" पूर्वी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. मामाच्या गावाला जाऊन यायचं. चैत्रातली निघोजची मळगंगेची यात्रा झालेली असायची, तिथल्या पाळण्यात बसणं झालेलं असायचं, तेवढ्यावर वर्ष निघायचं. आता पोरांनी मोबाइलवर दुसराच पाळणा पाहिलेला असतो. तो खोपोलीजवळ आहे, तो माणसाला उलटा करतो, आणि शेजारच्या वाडीवरची पोरं त्यात बसूनही आली आहेत! मग घरात हट्ट सुरू होतो.

हा हट्ट चांगला की वाईट, याचा निवाडा मी आज करणार नाही. जायचं ठरलंच, तर बेत कसा करावा, एवढंच सांगणार आहे. अशा सहलीत घरचा चांगला पैसा जातो, लहान मुलं नि म्हातारी माणसं बरोबर असतात, आणि रस्ता लांबचा असतो. नीट आखली तर ती वर्षानुवर्षं आठवणीत राहते. घाईनं काढली तर पैसाही जातो, माणसंही दमतात, आणि कधी कधी त्याहून वाईट काही घडतं.

प्रथम ही थीम पार्क म्हणजे काय चीज आहे ते पाहू. यात्रेत पाळणा, मौत का कुआँ, जादूचे खेळ असे सुटे सुटे असतात. थीम पार्कमध्ये एखादा विषय किंवा गोष्ट धरून सगळं आवार रचतात. इमारती, पाळणे, खाणावळी, गाणी, सारं त्या गोष्टीला धरून असतं. या कल्पनेला जगभर नाव मिळालं ते वॉल्ट डिस्ने या अमेरिकन चित्रपटकारामुळं. त्यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू केलं. पुढं १९७१ मध्ये फ्लोरिडात त्याहून कितीतरी मोठं, हॉटेलांसकट, एखाद्या शहरासारखं आवार उघडलं. आपल्याकडं दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली आणि मुंबईजवळ गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडलं ते २०१३ साली. पुढच्याच वर्षी शेजारी पाण्याचं उद्यान झालं, आणि लागूनच मोठं हॉटेलही आलं. सिनेनिर्मितीच्या धंद्यातले मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं. २०२२ साली त्यातला मोठा हिस्सा आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहानं घेतला. म्हणजे पाळणा कोकणातला असला, तरी त्याचा एक धागा आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येऊन पोचतो.

आता एक जुनी हकीकत ऐका, कारण तिच्यात आपल्या बेताचे निम्मे धडे आहेत. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँडचं उद्घाटन झालं. निवडक पाहुण्यांनाच बोलावलं होतं. पण खोटी तिकिटं निघाली आणि बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आत शिरली. ऊन कडक होतं. नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा संप नुकताच झाला होता, त्यामुळं पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. नवं डांबर उन्हानं मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. खाण्याचे पदार्थ संपले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं विचार करून हे सारं उभं केलं, त्याचीही पहिल्या दिवशी गर्दी, ऊन आणि पाणी या तिघांनी अशी फजिती केली. मग तुम्हीआम्ही या तिघांचा विचार न करता निघालो, तर आपली काय गत होईल?

तर पहिला प्रश्न : जावं कधी?

सुट्टीच्या अखेरीला शहरची माणसंही बाहेर पडतात. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी तिथं लोटते. म्हणून शेतकरी कुटुंबानं आपला एक मोठा फायदा ओळखावा. आपल्याला रविवारचीच सुट्टी असते असं थोडंच आहे? मंगळवार-बुधवार धरावा. गर्दी कमी असते, आणि बहुधा तिकीटही शनिवार-रविवारपेक्षा उतरलेलं असतं.

पण आपल्याला दुसरं एक पंचांग सांभाळावं लागतं. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग निघतो. मूग, बाजरी, वाटाणा ही आपली खरिपाची पेरणी पहिल्या चांगल्या पावसावर अवलंबून. त्या सुमारास घरातला कर्ता माणूस आणि हातातला पैसा, दोन्ही रानातच हवेत. कोकणात पाऊस आपल्या आधी पोचतो. मुंबईला मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून धरतात. त्याआधी वळीव कोसळतोच. विजा चमकू लागल्या किंवा वारं सुटलं, की उंच पाळणे थांबवतात, आणि ते थांबवणंच बरोबर असतं. हे सारं जमेला धरलं, तर मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला मधला वार आपल्याला सोयीचा. तो चुकला, तर यंदाची सहल दिवाळीनंतर न्यावी. जुलैच्या धो धो पावसात हट्टानं जाऊ नये. आपल्याकडं वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खालापूरच्या डोंगरात त्याच्या कितीतरी पट पडतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली माणसं घरांसकट गाडली गेली. अतिवृष्टीचा इशारा असला, की घाट उतरायचाच नाही, मग तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. तिकीट काढतानाच विचारून ठेवावं, की तारीख बदलून मिळते का?

दुसरा प्रश्न रस्त्याचा. पारनेरहून सुपा, शिरूर, पुणे आणि मग द्रुतगती महामार्गानं बोरघाट उतरून खालापूर. हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरतं. पुणे शहर टाळायचं, तर शिक्रापूरहून चाकण, तळेगाव असा फाटा आहे. पण तिथं कारखान्यांच्या मालमोटारींची दाटी असते. वाटेत दोनदा थांबायचं, घाटात एखाद्या पोराला उलटी व्हायची, हे धरलं तर पाच तास कुठं गेले नाहीत. आता हिशेब करा. पहाटे पाचला निघालो, दहा-साडेदहाला पोचलो. दरवाजे साधारण त्याच सुमारास उघडतात. दिवसभर हिंडलो, संध्याकाळी सातला बाहेर पडलो, वाटेत जेवलो. घरी यायला रात्रीचा एक वाजतो.

तुम्ही म्हणाल, "एक दिवस जागलो तर काय बिघडतं?" तुमचं काही बिघडत नाही, तुम्ही गाडीत झोपाल. पण गाडी कोण चालवतो आहे? पहाटे चारला उठलेला तोच चालक रात्री बारा वाजता शिरूरच्या पुढं तुमच्या मुलाबाळांना घेऊन चाललेला असतो. दिवसभर तो उन्हात, गाडीच्या तापलेल्या टपाखाली पडून होता. त्याला नीट झोप मिळालेली नाही. सहलींचे अपघात परतीच्या वाटेवर, उत्तररात्री होतात, ते काय उगीच? तेव्हा माझं सांगणं असं : एक तर दोन चालक न्या, नाहीतर एक मुक्काम करा. आणि मुक्कामाची आपल्याला काय चिंता? पारनेरची कितीतरी घरं मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडं पोटासाठी गेलेली आहेत. यात्रेला ती मंडळी गावी येतात, तेव्हा आपण त्यांचं करतोच. लहान कुटुंबानं एक रात्र तिकडं पाहुणचार घ्यावा. कामोठ्या-कळंबोलीहून खालापूर तासा-दीड तासावर आहे. मात्र चाळीस माणसांचा तांडा कुणाच्या दोन खोल्यांत उतरवू नये! मोठ्या मंडळींनी आदल्या दिवशी दुपारी निघून वाटेत एखाद्या धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात जागा आधी सांगून ठेवावी.

वाटेवर रांजणगावचा महागणपती आहे, आणि पुढं खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे. आजी-आजोबांना पाळण्यात बसायचं नसतं. पण "तुम्ही घरीच राहा" म्हटलं तर ती खट्टू होतात. त्यांना थीम पार्कच्या तिकिटात गुंतवण्याऐवजी एका जाणत्या माणसाबरोबर महडला, आणि जमलं तर पुढं पालीच्या बल्लाळेश्वराला पाठवावं. संध्याकाळी सगळे एका गाडीत. पोरांचं मन राखलं, थोरांचंही राखलं, आणि चार तिकिटांचे पैसेही वाचले. पण आधी त्यांना विचारा बरं का! एखादी आजी म्हणेल, "मला पण तो पाळणा बघायचाय." मग तिला जरूर न्या.

आता घरी कोण राहणार? हा प्रश्न शहरच्या माणसाला पडत नाही, आपल्याला पडतो. गायीला सुट्टी नसते. सकाळ-संध्याकाळ धार काढावी लागते, डेअरीला दूध घालावं लागतं, वैरण-पाणी करावं लागतं. पुष्कळदा या कामासाठी घरातली सून नाहीतर थोरला मुलगा मागं राहतो, आणि दर वेळी तोच राहतो. हे बरं नव्हे. याला आपल्याकडं जुनी तोड आहे, ती म्हणजे सावड. पेरणी-काढणीला आपण एकमेकांच्या रानात जातो, तसंच इथंही करावं. वाडीवरच्या घरांनी दोन तुकड्या कराव्यात. या मंगळवारी पहिली तुकडी जाईल, दुसरी तुकडी त्यांची जनावरं सांभाळील. पुढच्या मंगळवारी उलट. यातून एक फायदा आणखी होतो. पहिली तुकडी येऊन दुसरीला सगळं सांगते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका कमी होतात.

आता पैशाकडं येऊ. तिकिटाचा आकडा मी सांगणार नाही. तो वाराप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतो, आणि आज सांगितलेला उद्या खरा राहील याचा भरवसा नाही. पण हिशेबाची रीत सांगतो. वहीत पाच रकाने आखा : तिकीट, गाडी, खाणं, तिथली भाडी आणि अडीअडचण. तिकिटात एक गोष्ट पाहा. पाळण्यांचं उद्यान आणि पाण्याचं उद्यान यांची तिकिटं वेगळी असतात. एका दिवसात दोन्ही नीट होत नाहीत, तेव्हा एकच निवडा. लहान मुलांची सवलत पुष्कळ ठिकाणी वयाऐवजी उंचीवर असते, तेही विचारून घ्या. गाडीच्या रकान्यात माणसं किती, याला फार महत्त्व आहे. समजा गाडीचं भाडं १८,००० रुपये ठरलं. ४५ माणसं असली तर माणशी ४०० येतात. ऐन वेळी १५ जण गळाले, तर तेच ६०० होतात. म्हणून नाव नोंदवतानाच गाडीचे पैसे घ्यावेत, आणि ते परत मिळणार नाहीत हे तोंडावर सांगावं. चौथा रकाना पुष्कळजण विसरतात. सामान ठेवायची पेटी, पाण्यातले कपडे, या सगळ्याला तिथं भाडं पडतं. पाचव्या रकान्यात एकूण खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला ठेवा आणि तो एका विश्वासू माणसाकडं द्या.

तिकीट मोबाइलवरून काढणार असाल, तर जरा जपून. डिस्नेलँडच्या पहिल्या दिवशी खोटी तिकिटं कागदाची होती. आता ती मोबाइलवर येतात. कुणी "निम्म्या दरात तिकीट" असा संदेश पाठवला, की लगेच पैसे धाडू नका. उद्यानाच्या अधिकृत ठिकाणीच तिकीट काढा, आणि तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या जाणत्याला दाखवून घ्या.

आणि एक स्पष्ट सांगतो. बी-खताच्या पैशाला हात लावून सहल करू नये. सोसायटीचं नाहीतर बचत गटाचं कर्ज सहलीसाठी काढू नये. ज्यांना यंदा जमत नाही, त्यांनी बचत गटात महिन्याला थोडे थोडे वेगळे टाकावेत; पुढच्या मेमध्ये ते कामाला येतील. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीलाही पाण्याचं उद्यान आणि साईतीर्थ नावाचं भक्तिपर उद्यान आहे. ते एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. आणि काहीच खर्च करायचा नसेल, तर निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेतच. वाहत्या पाण्यानं, गोट्यांना गरगर फिरवून, काळ्या कातळात हे रांजण कोरले. लांबलांबचे लोक ते पाहायला येतात, आणि आपली पोरं मात्र खोपोलीचा विचार करतात. पण तिथंही काठावरूनच पाहायचं. खळगे खोल आहेत, आत उतरायचं नाही.

आता जायच्या आधीची घरची तयारी. एक खडू घ्या आणि भिंतीवर प्रत्येक मुलाची उंची मोजा. हसू नका! मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. माणसाला धरून ठेवणारा लोखंडी दांडा ठराविक उंचीच्या अंगालाच नीट बसतो. बुटकं मूल त्यातून निसटू शकतं. साधारणपणे काही पाळण्यांना १२० सेंटिमीटर, काहींना १४० सेंटिमीटर अशी खूण असते. खरी खूण तिथल्या पाटीवरची. आठ वर्षांच्या पोराला महिनाभर त्या पाळण्याची गोष्ट सांगायची, आणि दोन तास रांगेत उभं राहिल्यावर दारातल्या माणसानं त्याला बाजूला काढायचं, यासारखं दुःख त्या वयात दुसरं नसतं. घरी मोजलंत, तर त्याला आधीच सांगता येतं, "बाळा, हा पुढच्या खेपेला. यंदा तुझे हे चार पाळणे." मग तो हौसेनं त्या चारांची वाट पाहतो. उंची चोरून, बुटात फडकं घालून पोराला आत घालू पाहणाऱ्या बापाला मात्र हात जोडून सांगतो, असं करू नका. आणि हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं-मानेचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर मोठ्या पाळण्यापासून लांबच राहावं. यात भित्रेपणा नाही.

कपड्यांचं पाहा. पाण्याच्या उद्यानात सुती कपडे, साडी, धोतर चालत नाही. नायलॉनसारखे अंगासरशी बसणारे कपडे लागतात. कारण असं, की सुती कपडा पाणी पितो, जड होतो, घसरगुंडीवर अडकतो, आणि त्याचे धागे पाणी गाळायच्या यंत्रात जातात. आयाबायांनी नायलॉनचा लांब कुडता आणि घट्ट पायजमा आधीच तालुक्याच्या बाजारातून घ्यावा. तिथं भाड्यानं घेण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि मनालाही बरा वाटतो. मंगळसूत्र, जोडवी, कानातली घरी ठेवावीत. पायात पट्ट्यानं बांधलेली चप्पल असावी.

खाण्याचं असं, की बाहेरचे पदार्थ बहुधा आत नेऊ देत नाहीत. म्हणून भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी असा आपला डबा दाराबाहेर, पोटभर, आत जाण्यापूर्वी खावा. दुपारचं एक जेवण आत घ्यावं लागेल, ते पैशात धरावं. संध्याकाळसाठी दशम्या गाडीत ठेवाव्यात.

उन्हाचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथं आपला माणूस फसतो. तो म्हणतो, "आम्ही पारनेरचे, चाळीस अंशात रानात राबतो, आम्हाला काय ऊन सांगता?" आपलं ऊन कोरडं असतं. घाम येतो, लगेच वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं, तोच हा न्याय. कोकणातली हवा दमट. तिथं घाम वाळतच नाही, नुसता गळतो. अंगातलं पाणी नि मीठ जातं आणि अंग मात्र तापलेलंच राहतं. म्हणून तिथलं ३५ अंशांचं ऊन आपल्याला अधिक झोंबतं. तहान लागो न लागो, दर अर्ध्या तासानं पाणी प्यावं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे पेय तयार करून गाडीत ठेवावं. आत नेण्यासाठी औषधाच्या दुकानातली क्षारांची पुडी खिशात ठेवावी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं दिसली, की सावलीत बसवून अंग ओल्या फडक्यानं पुसावं. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काही न घालता लगेच तिथल्या प्रथमोपचार केंद्रात न्यावं.

आत गेल्यावर रांगा लागतात. रांगेचं गणित पंगतीसारखं असतं. एका पंगतीला किती पानं आणि पंगत किती वेळानं उठते, यावर तुमचा नंबर ठरतो. समजा एका गाडीत २८ जण बसतात आणि दर चार मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला १५ गाड्या, ४२० माणसं. तुमच्यापुढं ६३० जण असतील, तर दीड तास ठरलेला. अशा चार रांगा लागल्या, की दिवस संपला. म्हणून दार उघडताच सर्वांत नामांकित पाळण्याकडं आधी जावं. बारा ते चारच्या उन्हात छपराखालचे खेळ पाहावेत. इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'सारखे आत बसून पाहायचे खेळ आहेत, ते त्या वेळेला सोयीचे. ऊन उतरलं, की पुन्हा उघड्यावर. आणि प्रत्येकानं घरूनच दोन गोष्टी निवडून याव्यात. त्या दोन पदरात पडल्या, की बाकीचं वरकड समजावं. सगळंच पाहायचं म्हणून धावलात, तर मुलांच्या तोंडावर संध्याकाळी नुसता थकवा दिसेल.

माणसं मोजण्याची शिस्त लावा. आठ-आठांचे गट करावेत, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस. गाडीतून उतरताना, जेवताना आणि परत चढताना मोजणी. चुकामूक झाल्यास भेटायची जागा आत शिरल्याबरोबर सर्वांना बोटानं दाखवावी. लहानांच्या खिशात चिठ्ठीवर नाव नि मोबाइल नंबर असावा. पाण्यात जाणार असतील, तर तो दंडावर पक्क्या शाईनं लिहावा. पाण्यात, पोहता न येणारं मूल मोठ्यांच्या हाताच्या अंतरावरच हवं. पाणी कमरेएवढं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कृत्रिम लाटांच्या तळ्यात भोंगा वाजला, की पाणी उसळतं, आणि लहान मुलाला कमरेएवढं पाणीही पुरेसं असतं.

परतीला आयत्या वेळी समुद्र जोडण्याचा मोह होतो. "इतके खाली आलोच आहोत, तर अलिबाग करू," असं कुणीतरी म्हणतंच. तसं करू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र पाहायचा, तर त्यासाठी वेगळा दिवस, वेगळा बेत.

आता शिक्षक मंडळींना दोन शब्द. तुमच्या सहली हिवाळ्यात निघतात, पण तयारी हीच. शालेय सहलीला एस.टी. प्रासंगिक करारावर सवलतीनं गाडी देते. तिच्यासाठी आगारात लवकर अर्ज करावा. पालकांची लेखी संमती आणि वरिष्ठांची परवानगी घ्यावीच. आणि सहल परत आल्यावर वर्गात एक तास तिला द्या. इमॅजिकातला नायट्रो नावाचा पाळणा सुमारे ४० मीटर उंच आहे. त्याच्या गाडीला इंजिन नसतं! साखळी तिला एकदा चढावर ओढून नेते; पुढचं सारं काम पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण करतं. घाटाच्या उतारावर सुटलेल्या भरल्या बैलगाडीचं जे होतं, तेच इथं होतं. फळ्यावर गणित मांडा : दोन गुणिले ९.८ गुणिले ४० म्हणजे ७८४, आणि त्याचं वर्गमूळ बरोबर २८. सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे शंभर किलोमीटर. ज्या पोरानं तो वेग पोटात अनुभवला आहे, ते हे सूत्र जन्मात विसरणार नाही.

पण तुमच्या वर्गात चार मुलं अशी असतील, ज्यांच्या घरून पैसे आले नाहीत. त्यांची नावं फळ्यावर लिहू नका, वर्गात पुकारू नका. गावात यात्रेची वर्गणी जमते, तशी ग्रामस्थांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून, मुंबईकर मंडळींकडून चार मुलांचा खर्च गुपचूप जमवता येतो. तो जमत नसेल, तर सगळा वर्ग जाऊ शकेल अशा जवळच्या जागी सहल न्यावी. दहा-बारा वर्षांचं पोर शाळेच्या फाटकाशी उभं राहून सहलीची गाडी जाताना पाहतं, तो दिवस ते विसरत नाही.

मंडळी, एवढ्या सगळ्या सांगण्यात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा घोळवली आहे. बेत करताना सर्वांत मागच्या माणसापासून सुरुवात करा. म्हणजे उंचीत न बसणारं पोर, पाळण्यात न बसणारी आजी, जनावरांपाशी राहिलेली सून, पहाटेपासून जागा असलेला चालक, आणि ज्याच्या बापाकडं यंदा पैसे नाहीत तो विद्यार्थी. यांची सोय आधी लागली, की बाकीच्यांची आपोआप लागते. मग गाडी रात्री सुप्याच्या फाट्यावरून पारनेरकडं वळेल, तेव्हा आत पोरं एकमेकांच्या अंगावर निर्धास्त झोपलेली असतील, आणि मोजणी भरेल तितकीच, जितकी निघताना होती.

बराय तर. पाऊस वेळेवर येवो, आणि तुमची सहल सुखाची होवो. राम राम.